अण्णांचा 2009 चा लॅपटॉप, रॅम 2 जीबी: कोणतं लिनक्स टाकू?

पऱ्याकाठची (शुक्रवार, रात्री 10:40)

नमस्कार. लिनक्समधलं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकतात त्या सिस्टिममधलं, मला फारसं कळत नाही. ऑफिसात दिवसभर हिशेबाचं काम, त्यामुळे एक्सेलच्या पलीकडे फारशी गेलेले नाही. पण हे काम मीच करायचं ठरवलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

लॅपटॉप वडिलांचा. अण्णा 2009 साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी वर्गणी काढून घेतला होता. गाव चिपळूणपासून तासाभरावर. प्रोसेसर इंटेल कोअर टू ड्युओ टी6600, रॅम 2 जीबी, 320 जीबीची फिरती हार्डडिस्क, पडदा 15.6 इंची. विंडोज 7 आलं होतं, तेच आजवर. गणपतीत गेले होते तेव्हा घड्याळ लावून पाहिलं: बटण दाबल्यापासून वर्डमध्ये लिहिता येईपर्यंत साडेसात मिनिटं. अण्णा बटण दाबून पूजेची फुलं काढायला जातात आणि परडी भरली की येऊन बसतात. बँकेचं पान उघडत नाही, ब्राउझर नवा होत नाही. बॅटरी केव्हाच संपली, लाइट गेली की मशीन बंद. रात्री वायर काढून ठेवली तर सकाळी तारीख 1 जानेवारी 2009 दाखवतं.

आता काम काय करतात ते सांगते, कारण माझ्या मते प्रश्न तिथेच आहे. अण्णा गेली अकरा वर्षं गावातल्या जागांची नावं टिपून ठेवतायत. कोणत्या शेताला काय म्हणतात, कोणता पऱ्या, म्हणजे ओढा, कुठून निघतो आणि कुठे मिळतो, कातळावरच्या कोणत्या खड्ड्याला कोणाचं नाव आहे. सांगणारी माणसं एकेक करून जातायत, त्यामुळे त्यांना घाई आहे. साठेक फाइली आहेत. जुन्या फाइली कृतिदेव फॉन्टमध्ये, शाळेत तोच होता. पुढे ते इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिकले आणि आता युनिकोडमध्ये लिहितात, त्याला खास फॉन्ट लागत नाही. त्याशिवाय बँक, सातबारा आणि संध्याकाळी यूट्यूबवर एखादं कीर्तन. बस एवढंच.

भाऊ म्हणतो नवा घेऊन देऊ. अण्णा नको म्हणतात, आणि मला ते पटतं. या कीबोर्डच्या कळा खोल आणि उंच आहेत, त्यावर मराठी अक्षरांचे स्टिकर त्यांनी स्वतः कापून चिकटवलेत. त्यांची बोटं या कळांना सरावली आहेत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती सवय मोडायला लावायची, तेही प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड सगळं ठीक असताना, हे माझ्या मनाला येत नाही.

तुळशीच्या लग्नाला चार दिवस घरी जाणार आहे. तेवढ्यात व्हायला हवं. घरी इंटरनेट फक्त मोबाइलचं. लिनक्स मिंट, लुबुंटू, पपी, अँटीएक्स अशी नावं वाचली. प्रत्येकजण आपलंच सगळ्यात हलकं म्हणतो. कोणतं टाकू?

रात्रपाळी (शनिवार, पहाटे 1:15)

ताई, माहिती नीट दिलीत, निम्मं काम झालं. माझं दुरुस्तीचं दुकान आहे, असली मशीन आठवड्याला दोन-तीन येतात.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणतं हे आपण शेवटी बघू. आधी मशीन अडतंय कुठे ते बघा. मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती काही न उघडता 700-800 एमबी रॅम घेते. अँटीएक्स 300 च्या आसपास. म्हणजे सगळ्यात हलकं घेऊनही अर्धा जीबी वाचला. पण ब्राउझर उघडून बँक, सातबारा आणि यूट्यूब असे तीन टॅब लावलेत की दीड जीबी तिथेच गेली. रॅम संपली की सिस्टिम उरलेला पसारा डिस्कवर ठेवायला लागते, आणि तुमची डिस्क फिरणारी. तिचं टोक इकडून तिकडे धावत राहतं, आपल्याला वाटतं मशीन हँग झालं. डिस्ट्रो बदलून हे दुखणं कमी होईल, जाणार नाही.

म्हणून दोन वस्तू घ्या. एक, अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, 240 जीबीची पुरे. तुमच्या मशीनला साटाचा जुना वेग आहे, महागडी घेऊन उपयोग नाही. दोन, रॅम. या काळातल्या बऱ्याच मशीनांत डीडीआर2 पिढीची असते, तुमच्यात तीच आहे का हे खालचं झाकण उघडून लेबलवर बघा. पीसी2-6400 लिहिलेलं असेल तर डीडीआर2, 800 वेगाची. डीडीआर3 ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, जोर लावू नका. डीडीआर2 नवी मिळणं कठीण, जुन्या मशीनांतून काढलेली मिळते. 2-2 च्या दोन पट्ट्या घेऊन 4 जीबी करा. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी करा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. दुकानात लावून दाखवायला सांगा.

एसएसडी घेण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. जुनी डिस्क पुसावी लागत नाही. ती जशीच्या तशी काढून कपाटात ठेवा. अण्णांची अकरा वर्षं त्यात आहेत, तिला हातसुद्धा लावायचा नाही.

तारखेचं: मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. बहुतेक सीआर2032 असतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बँकेचं पान न उघडण्यामागे तोही एक भाग असू शकतो. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनला वाटतंय आज 2009 आहे, म्हणजे तिच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, मग ब्राउझर पान अडवतो. काही ठिकाणी हा सेल वायरच्या टोकाला असतो, झाकणाखाली नीट शोधा. त्याच बैठकीत पंख्यातला पिंजलेल्या कापसासारखा गठ्ठा ब्रशने काढा. कोकणातली मशीन उघडली की धुळीबरोबर बुरशीही निघते.

4 जीबी झाली तर डोळे मिटून मिंट एक्सएफसीई. 22 क्रमांकाची मालिका घ्या, तिला 2029 पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळतात. मांडणी विंडोज 7 सारखीच: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. टी6600 हा 64 बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे कोणी 32 बिटची फाइल उतरवायला सांगितली तर ऐकू नका.

खडूफळा (शनिवार, सकाळी 9:05)

वरच्या दादांचं बहुतेक पटतं, पण रॅम मिळालीच नाही तर काय, हे सांगायला आलो. मी शाळेत शिकवतो. आमच्या संगणक कक्षातल्या 11 मशीनांवर गेली चार वर्षं अँटीएक्स आहे. सहा मशीनांत 2 जीबी रॅम, दोघांत 1. रोज चार तास चालतात.

अँटीएक्स डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे आणि त्यात मोठं डेस्कटॉप नाही, आइसडब्ल्यूएम नावाचा साधा खिडकी-व्यवस्थापक आहे. म्हणून ते इतकं हलकं. दिसायला थोडं उघडंबोडकं. मुलांना काही फरक पडला नाही, आठव्या दिवशी ती माझ्यापुढे गेली. आमच्या दोन सहकारी बाईंना मात्र महिनाभर जड गेलं, हेही खरं सांगतो. चिन्हं वेगळी, मेनू वेगळा, सेटिंग चार ठिकाणी विखुरलेली.

2 जीबीवर राहायचं झालं तर झेडरॅम चालू करा. रॅममधला न लागणारा मजकूर डिस्कवर टाकण्याऐवजी रॅममध्येच दाबून लहान करून ठेवतात, त्यासाठी प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं. आमच्या 1 जीबीच्या मशीनांना यानेच जीव आला.

पपीबद्दल: मला ते आवडतं, पेनड्राइव्हवर कायम जवळ असतं. सगळं रॅममध्ये चढवून चालतं, त्यामुळे बिघडलेल्या मशीनमधून फाइली काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यात माणूस थेट प्रशासकाच्या अधिकारात काम करतो. बँकेचं काम करणाऱ्या ज्येष्ठ माणसाला मी ते रोजच्या वापरासाठी देणार नाही.

ताई, एक विनंती. आमच्या कोणाच्याही शब्दावर इन्स्टॉल करू नका. 8 जीबीचे दोन पेनड्राइव्ह घ्या, एकावर मिंट, दुसऱ्यावर अँटीएक्स, निघण्याआधीच तयार करून न्या. घरी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून अण्णांना समोर बसवा. डिस्कवर काही लिहिलं जात नाही. वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणं आणि मराठी टायपिंग, एवढं तपासा. पेनड्राइव्हवरून संथ वाटेल, त्यावरून वेग ठरवू नका. अण्णांचा हात कुठे अडतो ते बघा.

वायफायचं आधीच सांगतो. जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची चिप बऱ्याचदा निघते. तिच्या काही प्रकारांचं फर्मवेअर (चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम) वाटायची परवानगी नाही, म्हणून ते सिस्टिमबरोबर येत नाही, नंतर उतरवावं लागतं. आणि ते उतरवायला इंटरनेट हवं! अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला वायरचं इंटरनेट समजतं, काही टाकावं लागत नाही.

मुद्रितशोधक (शनिवार, दुपारी 3:30)

मला डिस्ट्रोतलं कळत नाही, पण ताईंच्या प्रश्नात एक गोष्ट आहे जिच्यावर अजून कोणी बोललं नाही आणि तिथे अण्णांचं काम अडकू शकतं. फॉन्ट.

कृतिदेवमधली फाइल ही संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. ती इंग्रजी अक्षरं असतात. त्या फॉन्टने ई च्या जागी म चं चित्र ठेवलेलं आहे, जे च्या जागी र, के च्या जागी काना, मोठ्या बी च्या जागी ठ आणि एच च्या जागी दुसरी वेलांटी. म्हणून 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये ई-जे-के-बी-एच असा पडलेला असतो. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं. नव्या सिस्टिमवर फॉन्ट नसला की त्या सगळ्या जुन्या फाइली इंग्रजी कचरा दिसतील, आणि अण्णांना वाटेल सगळं गेलं. माझ्याकडे असा घाबरलेला लेखक एकदा रात्री साडेदहाला फोनवर होता.

म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून कृतिदेवच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. नव्या सिस्टिममध्ये त्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली की फॉन्ट बसवायचं बटण येतं. मग लिबरऑफिसमध्ये जुन्या फाइली पूर्वीसारख्या दिसतील. त्या युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार काही ठिकाणी हलतात, वाचून दुरुस्त करावं लागतं. ते सावकाश करा, मूळ फाइल ठेवून.

दुसरी गोष्ट टायपिंगची. मराठीसाठी आयबस आणि एम17एन ही टायपिंगची साधनं टाका असं तुम्हाला बहुतेक सगळीकडे वाचायला मिळेल. गमभनसारखं उच्चारानुसार लिहिणाऱ्यांना ते हवंच. पण अण्णा इनस्क्रिप्टवाले. त्यांना काहीही बसवावं लागणार नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर जा, भारतीय लेआउट जोडा, इंग्रजी-मराठी बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठरवा. तोच इनस्क्रिप्ट. मागे वेगळा प्रोग्रॅम चालत नाही, रॅम लागत नाही.

आणि तुम्ही टोपणनावच 'पऱ्याकाठची' घेतलंय म्हणून मुद्दाम सांगतो, पहिल्याच दिवशी 'पऱ्या' टाइप करून बघा. एच, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. इथे शिफ्ट-जे महत्त्वाचा, तो ऱ देतो. साध्या जे ने लिहिलं तर 'पर्या' होईल, दर्या आणि दऱ्या यांच्यात होतो तसा घोटाळा. काही जुन्या पद्धतींत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह टाकून 'ऱ्या' काढत. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेतला की एक सापडतो, दुसरा नाही. अण्णांच्या फाइलींत शेकडो पऱ्यांची नावं असतील तर हे आत्ताच बघून घ्या. नाहीतर पुढे कोणी त्यात एखादा पऱ्या शोधला तर तो नाहीच असं वाटेल.

वाचनमात्र (शनिवार, सायंकाळी 6:50)

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे 10 इंची नेटबुक आहे, अ‍ॅटम एन270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम. त्याला हेच चालेल का?

रात्रपाळी (शनिवार, रात्री 11:45)

नाही, तुमचं मशीन वेगळ्या वर्गातलं. एन270 हा 32 बिटच आहे, आणि आता एकेक दार बंद होत चाललंय. मिंटच्या मुख्य आवृत्तीने 2020 मध्ये 32 बिट सोडलं. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला 32 बिटसाठी इन्स्टॉलर नाही. क्रोमने तर 2016 लाच लिनक्सवरचं 32 बिट थांबवलं, आणि फायरफॉक्सनेही 144 नंतर थांबवलं. तुमच्यासाठी अँटीएक्स 23 ची 32 बिट आवृत्ती, ती डेबियन 12 वर आहे. लिहिणं, गाणी ऐकणं, पीडीएफ वाचणं छान होईल. बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

बाकीच्यांनाही सांगतो, आपला प्रोसेसर कोणता हे कळत नसेल तर पेनड्राइव्हवरून 32 बिटचं कुठलंही लिनक्स चालू करून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एल-एस-सी-पी-यू ही पाच अक्षरं जोडून, छोट्या लिपीत लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच 32 की 64 ते येतं.

पऱ्याकाठची (सोमवार, रात्री 9:20)

गावाहून लिहितेय. पुण्यात रॅम शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. लेबल पीसी2-6400 निघालं, दादा म्हणाले तसंच. तिसऱ्या दुकानात एकच 2 जीबीची पट्टी मिळाली. दुकानदार म्हणाले जुनी 1 ची आणि ही 2 ची मिळून 3 चालेल. चाललं. एसएसडी घेतली, सेल घेतला.

खडूफळा सरांचं ऐकून आधी दोन्ही पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. अँटीएक्स खरंच चपळ आहे, जुन्या डिस्कसकट. पण अण्णांनी लिहिलेली फाइल ठेवायला गेल्यावर कुठे ठेवली ते त्यांना कळेना. तीनदा मला हाक मारली. चौथ्या वेळी हाक मारली नाही, हात मांडीवर ठेवून नुसते बसले. ते बघून मी अँटीएक्स बंद केलं. त्यात अँटीएक्सचा काही दोष नाही. मी रोज शेजारी असते तर आठवडाभरात शिकले असते. मी चार दिवसांनी पुण्याला जाणार, मग ते विचारणार कोणाला?

मिंट लावलं आणि त्यांनी स्वतःच डाव्या कोपऱ्यात बाण नेला. तिथेच निर्णय झाला.

वायफाय सापडलं नाही, खडूफळा सरांचा अंदाज बरोबर होता. फोन केबलने जोडला, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने चिप ओळखून एक नाव सुचवलं, ते लावून पुन्हा चालू केलं, झालं. एवढ्यासाठी मी रात्रभर झोपले नव्हते.

फॉन्टचं मुद्रितशोधक यांनी सांगितलं नसतं तर मोठी फजिती होती. पहिली फाइल उघडली तेव्हा खरंच इंग्रजी कचरा आला. मी आधी सांगून ठेवलं होतं तरी अण्णांचा चेहरा उतरला. फॉन्ट बसवून फाइल पुन्हा उघडली आणि 'खालच्या कोंडातील शेतांची नावे' हे शीर्षक आलं, तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

एक विचारायचं राहिलं. इथे दिवसातून दोनदा लाइट जाते आणि बॅटरी नाही. लिहिलेलं जाईल का?

रात्रपाळी (सोमवार, रात्री 11:55)

3 जीबी पुरेल. दोन पट्ट्या वेगळ्या आकाराच्या असल्या तर थोडा वेग कमी होतो, अण्णांच्या कामात कळणार नाही.

लाइट गेल्याने सिस्टिम सहसा बिघडत नाही. मिंट डिस्कवर एक्स्ट4 पद्धत वापरतं, त्यात बदल आधी नोंदवहीत टिपले जातात, त्यामुळे अर्धवट राहिलेलं काम पुढच्या वेळी निस्तरलं जातं. पण न साठवलेला मजकूर जातो. लिबरऑफिस आपोआप जपून ठेवतं ते दर 10 मिनिटांनी. टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल असं जा आणि 10 चे 2 करा. आणि जमलं तर बॅटरी नवी घालाच. अर्धा तास टिकली तरी अण्णांना फाइल बंद करायला वेळ मिळेल.

यूट्यूबसाठी: नवे व्हिडिओ व्हीपी9 प्रकारात येतात, ते उलगडायला या चिपमध्ये सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडतो. ब्राउझरला एच264ईफाय नावाचं एक्स्टेंशन लावा, मग यूट्यूब जुन्या, हलक्या प्रकारात पाठवतं. दर्जा 480 वर ठेवा. कीर्तनाला पुष्कळ.

पऱ्याकाठची (पंधरा दिवसांनी, रविवार, सकाळी 8:10)

मुद्दाम परत लिहितेय, कारण असे प्रश्न शोधताना शेवटी काय झालं ते कुठेच सापडत नाही आणि चिडचिड होते.

बटण दाबल्यापासून लिहायला लागेपर्यंत आता 48 सेकंद. फुलं आता आधी काढतात. यूट्यूब 480 वर अडकत नाही. दोन-तीन टॅबच्या वर उघडू नका असं सांगितलंय, उघडतही नाहीत. बँकेचं पान उघडलं, तारीख टिकते. सेल खरंच वायरच्या टोकाला होता, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला, मला सापडायला अर्धा तास गेला. पंख्यातून निघालेला गठ्ठा आईने बघितला आणि म्हणाली, एवढा तर माझ्या कुंच्यातही बसत नाही.

मी एक चूक केली ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. निघायच्या दिवशी अपडेट लावून ठेवले आणि गाडीची वेळ झाली म्हणून तसंच सोडलं. अण्णांना पडद्यावर इंग्रजीत सूचना दिसली, त्यांनी घाबरून वायर ओढली. काही बिघडलं नाही, पण दोन दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही, आणि मला फोनवर सांगितलंही नाही. आईकडून कळलं. आता अपडेट मी गावी गेले की मीच लावणार, आणि त्या सूचनांची मराठी एका कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली आहे.

ऱ चं प्रकरण मुद्रितशोधक म्हणाले तसंच निघालं. युनिकोडमधल्या फाइलींत दोन्ही प्रकारचे पऱ्या होते. 2016 पर्यंतचे एका पद्धतीने, त्यानंतरचे दुसऱ्या. अण्णा त्या वर्षी माझ्या मावसभावाकडून दुसरी पद्धत शिकले होते, ते त्यांना आठवलं. शोधून बदलायची खिडकी कशी वापरायची ते मी एकदा दाखवलं. आता रोज सकाळी दोन फाइली घेतात, सगळे 'ऱ्या' एकसारखे करतात आणि जाता जाता नावं पुन्हा वाचतात. काल फोनवर म्हणाले, "अगं, वरच्या वाडीच्या मागचा पऱ्या मी दोनदा लिहिलाय, दोन वेगळ्या नावांनी. एक तुझ्या आजोबांनी सांगितलेलं, एक शेजाऱ्यांनी. दोन्ही ठेवतो."

दुसरी 2 ची पट्टी कोणाकडे पडून असेल तर सांगा, पुण्यात येऊन घेऊन जाईन. आणि घरी एक जुना लेझर प्रिंटर आहे, तो केबल लावल्यावर दिसतो पण कोरे कागद काढतो. त्यासाठी वेगळा धागा काढते, मॉडेल क्रमांक अण्णांकडून मागवलाय.